पाकिटातला बेलभंडारा

॥ श्री ॥

मु. केदारखेडा, ता. भोकरदन
मिती कार्तिक शु. १३, शके १८६०

चिरंजीव बद्रीनाथ यास पुंजारामाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे सगळे ठीक. तुळशीचं लग्न लागलं, म्हणजे आता माणसांच्या लग्नांची घाई. तू दिवाळीला आला नाहीस. शाळेचे पेपर तपासायचे होते असं लिहिलंस. ऐन दिवाळीत कोणती शाळा पेपर तपासते मला ठाऊक नाही, पण तू मास्तर, मी नांगऱ्या. तू म्हणशील ते बराबर.

कामाचं लिहितो. सगुणाला सतरावं लागलं. आई गेली ते वर्ष तसंच गेलं, मागलं साल नापिकीचं गेलं. आता लेकीला थांबवणं होत नाही. वडीगोद्रीच्या काकासाहेबांनी एक स्थळ आणलं आहे. मुलाचं नाव रामकिसन, तिथलाच राहणारा. घरची जमीन आहे, आणि स्वतः तुमच्या जालन्यात कापसाच्या जिनात बाबू आहे. इंग्रजी लिहितो, दिसायला देखणा, सुपारीचंही व्यसन नाही म्हणतात. सगळंच चांगलं ऐकलं, म्हणून मला संशय आला. असला मुलगा सव्वीस वर्षांचा होईतो बिनलग्नाचा राहिला कसा? छातीचं दुखणं आहे का? फेफरं येतं का? कुठं बाई ठेवली आहे का? बाटून किरिस्ताव तर झाला नाही ना? तू तिथंच आहेस, नीट चौकशी कर आणि लिफाफ्यात लिही. कार्ड टाकू नकोस. कार्ड भोकरदनपासून आमच्या चावडीपर्यंत सगळे वाचतात आणि माझ्या हातात यायच्या आधी मला मजकूर सांगतात.

आपल्या घरची रीत तुला माहीत आहे. लग्नाच्या कामात जो ग्वाही देतो तो हातात बेलाचं पान आणि खंडोबाचा भंडारा घेऊन देतो. तुझ्या लग्नात नंदाच्या बापापुढं मीच उचलला होता की माझ्या भावात काही व्यंग नाही. त्याला अकरा वर्षं झाली आणि अजून पाळणा हलला नाही. नंदाला किती नवस करायला लावायचे? तुझी वहिनी द्वारका सारखी म्हणते की भाऊजींचं दुसरं लग्न करा. तू मनावर घे, म्हणजे सगुणाच्या मांडवातच तुझंही उरकून टाकू. नंदा काही बाहेर जात नाही, घरातच राहील.

नंदाला आशीर्वाद सांग. जल्दी उत्तर दे. मोठ्या भावावर माया आहे ती कमी होऊ देऊ नकोस.

तुझा
पुंजाराम

●

जालना
ता. १४ नोव्हेंबर १९३८

तीर्थरूप दादा यांस, बद्रीनाथाचा सा. न. वि. वि.

आपले पत्र मिळाले. रामकिसनची चौकशी करण्याची गरज पडली नाही, कारण तो माझ्या ओळखीचा आहे. चार वर्षांपासून सुटीच्या दिवशी आमच्याकडे वर्तमानपत्र वाचायला येतो. प्रकृती निरोगी. फेफरे नाही, बाटली नाही, बाई नाही. धर्म त्याने बदललेला नाही. कामात चोख आहे. जिनातले मजूर त्याला मान देतात आणि तो त्यांना शिव्या देत नाही, ही जिनात फार मोठी गोष्ट समजावी.

दुसऱ्या लग्नाचे पुन्हा लिहू नये, ही हात जोडून विनंती. नंदामध्ये काही उणे नाही.

इकडे थंडी पडू लागली. शाळेचे तपासणी-साहेब येऊन गेले. त्यांनी मुलांना नद्यांची नावे विचारली आणि स्वतःच गोंधळले. वहिनींना नमस्कार, सगुणाला आशीर्वाद. तिने वाचन सोडू नये.

आपली माया आजवर आहे तशीच पुढे मिळावी.

आपला
बद्रीनाथ

●

॥ श्री ॥

केदारखेडा
मिती मार्गशीर्ष शु. ५

चि. बद्रीनाथ यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र द्वारकेला वाचून दाखवलं. तिला फार आनंद झाला. मला झाला नाही. मी ते पुन्हा वाचलं. बाटली नाही, बाई नाही, फेफरं नाही, सगळं लिहिलंस. पोरगी द्या, एवढे दोन शब्द मात्र कुठं सापडले नाहीत. आणि चार वर्षं जो मुलगा तुझ्या ओसरीवर बसतो, घरात उपवर पुतणी आहे हे तुला ठाऊक आहे, त्याचं नाव तू आजवर एकदाही काढलं नाहीस? दुकानदार चांगला माल मागं लपवतो तो दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी. तू कुणासाठी लपवलास?

मग मी स्वतःच उठलो. कापसाच्या दोन गाड्या भरायच्याच होत्या, त्यांच्यासोबत जालन्याला आलो. तुझ्याकडं उतरलो नाही, राग मानू नकोस. चौकशीला गेलेल्या माणसानं ओळखीच्या घरी जेवू नये. आधी स्टेशनाबाहेरच्या पानवाल्याला विचारलं, मग जिनातल्या सांडू काटेवाल्याला. दोघांनीही चांगलंच सांगितलं. काट्याजवळ इंजिनसाहेब आणि त्यांचा एक पाहुणा साहेब उभे होते. सांडूनं मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्यांना सांगितलं की हे पाटील आपल्या रामकिसनबाबूला मुलगी देऊन राह्यलेत. त्यावर इंजिनसाहेब पाहुण्याकडं वळून हळूच एक वाक्य बोलला. पाहुणा त्याहून हळू काहीतरी बोलला. आणि दोघं हसले. मोठ्यानं हसले असते तर मी काही मनावर घेतलं नसतं. ते नाकात हसले.

तिथं एक म्हातारा मद्रासी टाइमकीपर आहे. त्याला दोन्ही वाक्यं ऐकू आली होती. मी त्याच्या इतका मागं लागलो की त्यानं अखेर काट्याच्या चिठ्ठीमागं बालबोधीत लिहून दिली. ती अशी: पहिला म्हणाला, ही इज नॉट द मॅरीइंग सॉर्ट. दुसरा म्हणाला, ओह, वन ऑफ दोज. अर्थ विचारला तर म्हाताऱ्यानं मान खाली घातली आणि हिंदीत सांगितलं की साहबलोगों का मजाक है पाटील, छोड दो. जो मजाक सांगता येत नाही तो मजाक कसला?

तू इंग्रजी शिकवतोस. अर्थ लिही. बिलकुल खरा लिही.

सगुणाला अजून काही बोललो नाही, पण द्वारका बोलून बसली आहे. पोरगी आता भाकरी करताना गाणं म्हणते. तुझ्या हातात तिचा जन्म आहे एवढं ध्यानात ठेव. आशीर्वाद तर आहेतच, उत्तर आलं की ते जास्ती देईन.

तुझा
पुंजाराम

●

जालना
ता. ३ डिसेंबर १९३८

तीर्थरूप दादा यांस सा. न. वि. वि.

गावात येऊन घरी न उतरता गेलात, याचे नंदाला फार वाईट वाटले. तिने दोन दिवस ते मनात ठेवले.

वाक्यांचा अर्थ असा. पहिल्याचा, तो लग्न करणाऱ्यांतला नाही. दुसऱ्याचा, त्यांच्यापैकी एक. अक्षरशः एवढेच. इंग्रज लोक पन्नाशीपर्यंत बिनलग्नाचे राहतात आणि त्यात त्यांना काही वावगे वाटत नाही. त्यामुळे अशी वाक्ये त्यांच्यात नेहमी बोलली जातात. त्यांच्या हसण्याचा अर्थ काढत बसू नये.

तरीही मला विचाराल तर हे स्थळ सोडावे. कारण विचारू नये. जाफराबादकडे माझ्यासोबतचा एक मास्तर आहे, त्याचा धाकटा भाऊ लग्नाचा आहे. शेती थोडी आहे पण माणसे मायाळू आहेत. पत्ता पाठवतो.

वहिनींना नमस्कार. माझ्यावरचा आपला विश्वास ढळू देऊ नये.

आपला
बद्रीनाथ

●

॥ श्री ॥

केदारखेडा
मिती मार्गशीर्ष वद्य ६

चि. बद्रीनाथ यास आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आल्यापासून जेवण गोड लागलं नाही. मागल्या पत्रात मुलगा सोन्याचा होता. या पत्रात तो सोडावा, आणि कारण विचारू नये. मी तुझा मोठा भाऊ आहे, तुझ्या वर्गातला पोरगा नाही.

त्यांच्यापैकी एक. कुणापैकी? हैदराबादेत सध्या सत्याग्रह चालू आहे, गावोगाव माणसं धरून राह्यलेत. हा त्यांच्यातला आहे का? तसं असेल तर सांग, मी भीत नाही, उलट पोरगी आनंदानं देईन. पण मग साहेब चिडला असता, हसला नसता. हे मी बांधावर बसून नीट ताडून पाहिलं.

भोकरदनला मिशनकडचा एक कंपाउंडर येतो. इंग्रजांच्या हाताखाली पंधरा वर्षं राहिलेला. त्याला चिठ्ठी दाखवली. नाव कुणाचं ते सांगितलं नाही. त्यानं वाचली, माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, पाटील, हे तुमच्या घरातल्या कुणाबद्दल हाय का? मी नाही म्हटलं. मंग कशाला इचारता, असं म्हणून त्यानं चिठ्ठी परत दिली आणि हात धुतले. बद्रीनाथ, त्यानं हात धुतले. म्हणजे अर्थ आहे, तो इंग्रजी येणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे, आणि माझ्या भावालाही माहीत आहे. तो मला सांगत नाही. मला हे विचारायचं आहे की असला अर्थ तुला शिकवला कुणी? तो शाळेच्या पुस्तकात तर नसणार.

द्वारकेच्या मनात वेगळंच आहे. ती म्हणते, नंदाची धाकटी बहीण लग्नाची आहे, भाऊजी ते पोरगं तिकडं वळवून राह्यलेत. मी तिला गप्प केलं. पण शंका एकदा घरात शिरली की मांजरासारखी सगळ्या भांड्यांत तोंड घालते.

काकासाहेबांचा निरोप आला आहे. पौष सरला की वसंत पंचमीला मुलाकडचे सुपारी फोडायला येतील. त्याआधी मला हो की नाही सांगावं लागेल. नाही सांगायचं तर कारण लागेल. उगाच मोडलं तर लोक म्हणतील मुलीतच काही आहे, आणि तिला पुढं कुणी विचारणार नाही.

म्हणून या पाकिटात बेलाचं पान आणि चिमूटभर भंडारा घातला आहे. तो उजव्या हातात घे आणि डाव्यानं कागद धरून उत्तर लिही. आपल्या रीतीनं लिही. आता तू खोटं लिहिलंस तर ते माझ्याशी नाही, देवाशी.

तुझा मोठा भाऊ
पुंजाराम

●

जालना
शुक्रवार, ता. २३ डिसेंबर १९३८

तीर्थरूप दादा यांस, बद्रीनाथाचा साष्टांग नमस्कार.

बेलभंडारा हातात आहे. पान वाटेत सुकले, पण तीनही दळे शाबूत आली. आज शाळेला सुटी आहे. भर दुपारी, दार उघडे ठेवून लिहीत आहे. लपवून लिहायचे असते तर लिहिलेच नसते.

साहेबाच्या वाक्यांचा अर्थ मी खोटा लिहिला नव्हता, अर्धा लिहिला होता. इंग्रज जेव्हा दुसऱ्या पुरुषाबद्दल म्हणतो की तो लग्न करणाऱ्यांतला नाही, तेव्हा त्याला लग्नाबद्दल काहीच सांगायचे नसते. त्या पुरुषाचे मन बाईकडे जात नाही, पुरुषाकडे जाते, असे त्याला सांगायचे असते. त्यांच्यापैकी एक, याचाही अर्थ तोच. असे आणखी पाचसात प्रकार त्यांच्या बोलण्यात आहेत. तो तसा आहे म्हणतात, जरा निराळा आहे म्हणतात. सगळे असे बेतलेले की उद्या कुणी जाब विचारला तर मी काही बोललोच नाही म्हणता यावे, कारण त्यांच्या देशात या गोष्टीला तुरुंग आहे. बायकांसमोर हे बोलत नाहीत. आवाज उतरवून बोलतात आणि शेवटी हसतात. ते हसणे वाक्याचाच भाग असते. बोलणारा हसून सांगत असतो की मी मात्र त्यांतला नाही. आपल्या बोलीत यासाठी शब्द आहेत, ते शिव्या म्हणून फेकायचे. घरी बसून भावाला पत्रात लिहावा असा एकही नाही. म्हणून मला एवढी वाक्ये लिहावी लागली.

रामकिसन तसा आहे. मला माहीत आहे. माणूस म्हणून मी त्याच्याबद्दल लिहिलेले प्रत्येक अक्षर खरे आहे. तो गेल्या आठवड्यात आला होता. त्याने माझे पाय धरले आणि चांगली शिफारस करा म्हणाला. बाप जिवावर उठलाय, सगळेच करतात, मी पण करीन, तुम्ही नाही का निभावलं, असे त्याने विचारले. मी त्याला उठवून घरी पाठवले.

त्याचे उत्तर तुम्हाला देतो, आणि तुमच्या प्रश्नाचेही. असला अर्थ तुला शिकवला कुणी, असे तुम्ही विचारले आहे. औरंगाबादेला कॉलेजच्या वसतिगृहात होतो तेव्हा आमचे इंग्रजीचे एक प्रोफेसर एकटे राहत. मुले त्यांच्या पाठीमागे हेच वाक्य म्हणत. मी शब्दकोश उघडला. शब्द सगळे होते, अर्थ नव्हता. मग एका मुलाने खाटेवर लोळत तो समजावून सांगितला. खोलीतले सगळे हसले. मीही हसलो, सगळ्यांत मोठ्याने. मी एकोणीस वर्षांचा होतो. आपण कोण आहोत हे मला त्या दिवशी कळले, आणि तेही परक्या भाषेत, थट्टेत.

मी त्यांच्यापैकी एक आहे, दादा. हे लिहिताना पान हातात आहे.

तीन वर्षांनी तुम्ही माझे लग्न ठरवले. नंदाच्या वडिलांपुढे तुम्ही बेलभंडारा उचललात तेव्हा मी तुमच्या मागे चार हातांवर उभा होतो. तुम्ही एकदा वळून बघितले असते तर मी सांगितले असते, असे मी अकरा वर्षे स्वतःला समजावत आलो. ते खरे नाही. मी सांगितले नसते. तुमची शपथ खोटी ठरली त्याला तुम्ही जबाबदार नाही, मी आहे. पाळणा हलला नाही, त्याचे कारण मी आहे. नंदाने सोमवार केले, अंगारे खाल्ले, वैदूची कडू मुळे उगाळून प्यायली. मी ते बघितले आणि गप्प बसलो. रामकिसन ज्याला निभावणे म्हणतो ते हे. मी काही निभावले नाही. जे निभावले ते नंदाने.

सगुणाला मी अक्षरे शिकवली. तिच्या वाट्याला हे देऊ नका. जाफराबादच्या मुलाचा पत्ता सोबत आहे. त्याबद्दल मला एवढेच माहीत आहे की तो बैलांशीसुद्धा हळू बोलतो.

एक मागणे आहे. मोडताना रामकिसनचे नाव खराब करू नका. साहेबांचे हसून भागते, इथे त्याला गाव सोडावे लागेल. माझे काय करायचे ते तुम्ही ठरवा. पान आणि भंडारा परत पाठवतो आहे.

माया मागण्याचा हक्क आज मला वाटत नाही, म्हणून ती ओळ लिहीत नाही.

बद्रीनाथ

●

॥ श्री ॥

केदारखेडा
मिती माघ शु. ७

बद्रीनाथ यास,

तुझं पत्र तीन वेळा वाचलं आणि चुलीत घातलं. महिनाभर उत्तर दिलं नाही, कारण रोज वेगळं उत्तर मनात येत होतं. पहिल्या आठवड्यात जे लिहिलं असतं ते तू वाचलं नाहीस हे बरं झालं. शाळू हुरड्यावर आला आहे. दर वर्षी तुला निरोप धाडतो. या वर्षी कणसं भाजली आणि बैलांपुढं टाकली. द्वारका विचारून विचारून थकली. तिला मी काही सांगितलं नाही. तिनं काय ओळखलं ते तिनंही मला सांगितलं नाही. फक्त नवसाचं नाव घरात काढणं बंद केलं.

वसंत पंचमीला मुलाकडचे आले. रामकिसनही आला होता. चांगला मुलगा आहे रे. माझ्या पाया पडला आणि बराच वेळ कपाळ जमिनीवरून उचललं नाही. मला वाटलं, तूही तुझ्या लग्नात असाच पाया पडला असशील आणि मी अक्षता मोजत बसलो होतो.

सुपारी फोडायच्या आधी देवकाची गोष्ट निघाली. काकासाहेबांनी मध्यस्थी करताना ती नीट विचारलीच नव्हती. त्यांच्याकडचे म्हणाले, आमचं देवक कळंब. मी म्हणालो, आमचं बी कळंबच. एका देवकाची माणसं भाऊबंद, त्यांच्यात सोयरीक होत नाही, पुढं बोलणंच संपलं. मी त्यांना जेवू घातलं आणि मानानं वाटेला लावलं. कुणाचं नाव खराब झालं नाही, ना त्याचं, ना सगुणेचं.

आपलं देवक पंचपल्लव आहे. ते आजापासून चालत आलं, तुझ्या लग्नात मीच पाच पानं खांबाला बांधली होती. तुझ्याकडून खरं यावं म्हणून मी बेल पाठवला, आणि घरात आलेल्या पाहुण्यांसमोर स्वतःच्या कुळाच्या देवाबद्दल खोटं बोललो. रामकिसन माझ्याकडं बघत होता. त्याला कळलं असं मला वाटतं.

सगुणा एक दिवस रडली. मग तिनं विचारलं की काकांनी लिहिलं होतं का. मी हो म्हटलं. ती म्हणाली, मंग बराबर असंल.

मला तुझा राग आहे. त्यातला थोडा त्या गोष्टीचा, जी मला अजून कळली नाही आणि बहुतेक कळणार नाही. ज्यादा राग नंदापायी. दुसरं लग्न कर, असं मी लिहीत होतो आणि ती तिथंच चूल फुंकत होती. तिच्या बापाला तोंड कसं दाखवू? तिला सांग, उगवतीकडची खोली मी तिच्यासाठी रिकामी केली आहे. इथं येऊन लेकीसारखी राहिली तर माझ्या डोक्यावरचं थोडं उतरेल. माहेरी जायचं असेल तर गाडी जुंपतो.

तू माझा भाऊ आहेस. हे एक वाक्य लिहायला महिना लागला. हुरडा अजून पंधरा दिवस राहील.

पुंजाराम

●

॥ श्री ॥

जालना
मिती माघ वद्य २

तीर्थरूप दादा यांच्या चरणी नंदाचा शि. सा. न. वि. वि.

अकरा वर्षांत तुमच्यासमोर मी पदर ढळू दिला नाही आणि एक शब्द बोलले नाही. आता एकदम पत्र लिहिते आहे. अक्षर वेडंवाकडं आहे, संभाळून घ्या. मी लिहिते आहे हे त्यांना माहीत आहे. काय लिहिते ते त्यांनी विचारलं नाही.

मला वाचायला त्यांनीच शिकवलं, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. आम्हा दोघांना संध्याकाळी करण्यासारखं दुसरं काही नव्हतं. म्हणून तुमची सगळी पत्रं मी वाचली आहेत. दुसऱ्या लग्नाचंही वाचलं. नंदा घरातच राहील, असं तुम्ही लिहिलं होतं. ते वाचून मी भाकरी करपवली.

बेलाचं पान ज्या पाकिटात होतं ते मीच उघडलं. त्यांनी आठ दिवस काही लिहिलं नाही. रोज दौत काढायचे आणि रोज झाकून ठेवायचे. मग सुटीच्या दिवशी मी ताटात बेल, भंडारा आणि दौत ठेवून ते ताट त्यांच्या पुढ्यात सरकवलं. मी त्यांना म्हणाले, तुम्ही लिहा, नाहीतर मी लिहिते, सगुणा माझी पण लेक आहे. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मला माहीत आहे, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

पहिली काही वर्षं माझा संशय वेगळा होता. मला वाटायचं कुठं बाई आहे. मी त्यांचे खिसे बघायची, सदऱ्याचा वास घ्यायची, शाळेच्या रस्त्यावर मैत्रिणी उभ्या करायची. काही सापडलं नाही. मग वाटायला लागलं की माझ्यातच खोट आहे, मी कुरूप आहे, म्हणून तेवढे उपास केले. रामकिसनभाऊ यायला लागल्यावर एक दिवस मी चहा घेऊन बाहेर आले. ते दोघं वर्तमानपत्र वाचत होते, मध्ये हातभर अंतर होतं, वाईट असं काहीच नव्हतं. पण यांच्या तोंडावर जो उजेड होता तो मी अकरा वर्षांत कधी माझ्यासाठी बघितला नव्हता. मी कप ठेवला आणि आत जाऊन बसले. उपास त्या दिवशी सोडले.

दादा, तुम्ही पानवाल्याला विचारलं, काटेवाल्याला विचारलं, साहेबाचं बोलणं लिहून घेतलं, कंपाउंडरला दाखवलं. दीड दिवसाची गाडीवाट चालून आलात आणि माझ्या दारावरून परत गेलात. मला कुणी विचारलं नाही. मला इंग्रजी येत नाही, पण मी सांगितलं असतं.

त्यांचा मला राग आहे आणि मायाही आहे, दोन्ही खरं आहे. त्यांनी कधी हात उगारला नाही. मला ताप आला तेव्हा रात्रंदिवस उशाशी बसले. पण वैदूची मुळं मी उगाळत होते तेव्हा समोर बसून पेपर तपासत होते, हे मी विसरणार नाही. रामकिसनभाऊ वसंत पंचमीनंतर इकडं फिरकले नाहीत. त्यांनी परभणीच्या जिनात बदली मागितली असं कळलं. यांनी वर्तमानपत्र बंद केलं. मी परवा पुन्हा सुरू केलं. घरात कुणीतरी काहीतरी वाचलं पाहिजे.

उगवतीची खोली रिकामी केलीत, तुमचे उपकार आहेत. पण मी तिथं येणार नाही आणि माहेरीही जाणार नाही. इथं मिशनच्या दवाखान्यात बायकांना सुइणीचं काम दोन वर्षं शिकवतात. मी जाऊन विचारून आले. वाचता येतं म्हणून त्या बाईंनी मला लगेच घेते म्हटलं. स्वतःला मूल नाही आणि दुसऱ्यांची बाळंतपणं करते, असं लोक हसतील. अकरा वर्षं हसतच आहेत. फक्त सासरच्या वडील माणसाची लेखी ग्वाही लागते. ती तुम्ही द्या. तुम्ही एकदा माझ्यासाठी बेलभंडारा उचललात आणि तो खोटा ठरला. या वेळी उचलू नका. तुम्हाला जेवढं खरं माहीत आहे तेवढंच लिहा, की नंदाबाई आमच्या घरची आहे आणि स्वतःच्या मनानं शिकते आहे. खाली तुमचं नाव.

हुरड्याला हे येतील. मी बळेच पाठवते आहे. त्यांना ओसरीवर बसवू नका, आत चुलीजवळ बसवा आणि द्वारकाआक्कांना वाढायला सांगा. ते काही बोलणार नाहीत, तुम्हीही काही बोलला नाहीत तरी चालेल.

जाफराबादच्या मुलाची चौकशी करायची असेल तर पानवाल्याकडं जाऊ नका. मला गाडी पाठवा. त्याची आई आणि मोठी भावजय घरात कशा बसतात, कशा बोलतात, ते मी जाऊन बघते.

लोभ आहे, तो मागत नाही. सही तेवढी यांच्या हाती धाडा.

आपली
नंदा